पावशेराचं भांडण

गोदा,

तुझ्या दहाव्याला आलेले लोक म्हणत होते, सुटली बिचारी. मला ते ऐकवलं नाही. मी उठून म्हणाले, सुटली म्हणू नका, तिला सुटायचं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात बोलताना धाप लागायची, तरी तिनं मला विचारलं होतं की पावसाळा उघडल्यावर पोरींचा सराव सेनगावच्या रस्त्यानं घ्यायचा की हिंगोलीच्या. तुझे चुलते म्हणाले, बाई, आता शांत बसा. मी बसले नाही. मग मागून कुणीतरी बोललं की बाईच्या जातीनं सायकल दामटल्यावर पोटात गाठ होणार नाही तर काय. त्यांना मी सांगितलं, की हेच मी नांदेडच्या डॉक्टरांना विचारलं होतं, तुझ्यासमोर, आणि त्यांनी या आजाराचा आणि सायकलीचा काहीही संबंध नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. तुझा भाऊ मारुती खाली मान घालून बसला होता, पण त्याला बरं वाटलं असावं, कारण जाताना त्यानं मला फाट्यापर्यंत सोडलं आणि न विचारता म्हणाला, "ताई, बराबर बोलल्या तुमी."

भांडणात आवाज चढवायचं काम आपल्यात तुझं होतं. मी मागून तुझी ओढणी ओढायची. आता तू नाहीस, तर ते काम मी घेतलंय. आणि घेतलंच आहे तर तुझ्यापासून सुरुवात करते. माणूस गेलं की त्याच्याशी असलेली भांडणं मिटली असं धरायची रीत आहे. मी नाही धरणार. अकरा वर्षं चाललेलं आपलं भांडण तू मेलीस एवढ्या कारणानं मी सोडून देणार नाही. तू माझ्या जागी असतीस तर तूही सोडलं नसतंस.

तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. आपण दोघी कॉलेजात, स्टेशनच्या बाजूला एका खोलीत राहत होतो. मी डोंगरकड्याची, हळदीच्या घरातली. तू पुसेगावची, मेंढरांच्या घरातली. तुला सायकल कुणी शिकवली नव्हती. बापाची मोठी काळी सायकल, नळीखालून पाय घालून चालवायची, कॅरिअरला दमलेलं कोकरू बांधून कळपामागं. क्रीडाशिक्षक कदम सरांनी कॉलेजच्या मैदानाला तुला चकरा मारताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तुला बोलावलं. मला बोलावलं नव्हतं. मी तुझ्यासोबत आले होते आणि सरांनी दोघींची नावं लिहिली. हे तू पुढं दहा वर्षं लोकांना सांगत राहिलीस.

सरांनी पुण्याहून एक जुनी परदेशी शर्यतीची सायकल मिळवली. दोघींत एक. सगळं ठीक होतं, फक्त गियर बदलायचे खटके मोडलेले. सरांच्या ओळखीच्या पुण्याच्या दुकानदारानं त्या खटक्यांच्या, म्हणजे शिफ्टरच्या, दोन जोड्या पाठवल्या आणि कळवलं की पारखून एक ठेवा, दुसरी सवडीनं परत करा. ते पार्सल सरांनी आपल्यासमोर खोललं. एक जोडी हलकी, पातळ ॲल्युमिनियमची, वजन कमी करायला पात्याला भोकं पाडलेली. ती सायकलच्या खालच्या दांडीवर बसायची. आत प्लास्टिकचा वायसर आणि वरून एक स्क्रू. त्या दोघांच्या पकडीवर सगळं चालायचं. दुसरी जोडी लोखंडी, हँडलच्या टोकांना बसणारी, आतून दातेरी. एकदा लावली की आपण हलवल्याशिवाय हलत नाही. पण ती स्वतः जड, आणि तिला तारही लांब लागायची.

तू दोन्ही जोड्या दोन तळहातांवर घेऊन उभी राहिलीस. कोकरू उचलून त्याचं वजन सांगणारी पोरगी तू. म्हणालीस, "पावशेराचा फरक हाय. थोडा कमीच." सरांनी शेजारच्या किराणा दुकानात नेऊन तोलून आणलं. बरोबर निघालं.

मी लगेच म्हणाले की जड बसवू. आमच्याकडं ऐन पाण्याच्या पाळीला मोटर बंद पडलेली मी लहानपणापासून पाहत आलेय. रानात उभं राहून बाप त्या मोटरीकडं बघायचा ते मला माहीत होतं. जी वस्तू मध्येच दगा देते ती किती चांगली चालते याला माझ्या लेखी काही अर्थ नाही. तुझं म्हणणं उलटं. तुम्ही सहा-सहा महिने कळपामागं चालणारी माणसं. चालायच्या आधी तुझी माय सामानातलं एकेक काढून टाकायची. तवा एक, घागर एक, घोंगडी दोन. तू म्हणालीस, पहिल्या दिवशी पावशेर म्हणजे काहीच नाही, पण विसाव्या दिवशी तोच पावशेर माणसाला खाली बसवतो. चढाचंही तसंच आहे. मी म्हणाले, चढावर तुटलं तर? तू म्हणालीस, तुटायच्या भीतीनं जड घेऊन मागं राहायचं असेल तर शर्यतीला जायचंच काहून?

सरांनी तोडगा काढला. राज्य शर्यतीला जी जाईल तिनं आपल्या मनाचे शिफ्टर लावावेत, आणि कोण जाईल ते पुसेगावच्या रस्त्यावर घड्याळ लावून ठरेल. तू मला साडेतीन मिनिटांनी मागं टाकलंस. हलकी जोडी लागली. जड जोडी सरांनी परत पाठवली नाही, माझ्या पिशवीत ठेवायला दिली. राहू दे, कामाला येईल, एवढंच म्हणाले.

आता ती गोष्ट, जी तुला मी अकरा वर्षं सांगितली नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, शर्यत होती त्या गावच्या शाळेच्या व्हरांड्यात मी सायकल पुसत होते. तू आणि सर नंबर आणायला गेला होतात. उजवा शिफ्टर मला जरा सैल वाटला म्हणून मी स्क्रू काढून उघडला. आतला प्लास्टिकचा वायसर चिरलेला होता. पूर्ण नाही, अर्ध्यापर्यंत. मी तो हातात घेऊन बघितला, परत बसवला आणि स्क्रू घट्ट आवळला. तू आलीस तेव्हा म्हणाले, गोदा, माझं ऐक, उद्याच्यापुरते तरी जड लाव, पिशवीत आहेत. तू म्हणालीस, परत सुरू झाली का तुझी मोटर. आणि हसलीस. वायसर चिरलाय, हे दोन शब्द मी बोलले नाही.

का नाही बोलले, ते मला तेव्हाही माहीत होतं. सांगितलं असतं तर तू जड लावले असतेस. आणि जड लावून तू हरली असतीस, तर जन्मभर ते माझ्या शिफ्टरांमुळं झालं असतं. मला तो दोष नको होता. हलके लावून तू जिंकलीस तर तू जिंकलीस, आणि मोडलं तर मी आधीच सांगितलं होतं. दोन्हीकडून मी सुरक्षित. वीस वर्षांची पोर होते मी, पण हा हिशेब मी पूर्ण शुद्धीत केला होता.

दुसऱ्या दिवशी नऊ किलोमीटरचा घाट होता. मी सरांसोबत मागच्या जीपमध्ये. तू पुढच्या पाच जणींत होतीस, आणि बाकीच्या चौघींच्या सायकली आपल्यापेक्षा नव्या. तिसऱ्या किलोमीटरला तुझा पाय अचानक अडकल्यासारखा झाला. खटक्याची पकड सुटून तार ढिली पडली होती. तार ढिली पडली की आतली स्प्रिंग चेन ओढून सगळ्यात लहान चकतीवर टाकते, म्हणजे ऐन चढाला सगळ्यात जड गियर. तू खटका परत ओढलास. चार पायडलं चाललीस, परत सुटला. परत ओढलास, परत सुटला. चौघीही पुढं निघून गेल्या. सर जीपमधून म्हणाले, उतरेल आता.

तू उतरली नाहीस. तू उजवा हात खाली घातलास, दांडीवरचा खटका मुठीत धरलास आणि धरूनच ठेवलास. एक हात हँडलवर, एक हात गुडघ्यांच्या मधे, अंग वाकडं. उभं राहून जोर लावता येत नव्हता, घाम पुसता येत नव्हता. सहा किलोमीटर. कळपातून निसटणाऱ्या मेंढराची तंगडी धरावी तसा तू तो खटका धरलास. पुढं गेलेल्यांपैकी एकीला तू आठव्या किलोमीटरला गाठलंस, आणखी दोघींना शेवटच्या वळणांवर. दुसरी आलीस. एका सायकलीच्या लांबीनं. देशाच्या शिबिराला फक्त पहिली जाणार होती.

तुझा हात उघडत नव्हता. सरांनी एकेक बोट सोडवलं. पात्याला पाडलेल्या भोकांचे गोल वण तुझ्या तळहातावर उमटले होते, लाल, एका ओळीत. मी ते बघितले आणि तोंड फिरवलं.

परतताना एसटीत मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. जड असते तर पहिली आली असतीस. इतक्या लाजेनंतर मी हे बोलले. तू खिडकीतून बाहेर बघत म्हणालीस, "जड असते तर त्या पाच जणींत म्या राहिलेच नसते. मागंच पडले असते. मंग काहून पहिली?" पुढच्या सीटवर सर झोपल्याचं सोंग घेऊन बसले होते. त्यांनाही उत्तर माहीत नव्हतं. तिथून आपलं भांडण सुरू झालं, आणि तू गेलीस तोपर्यंत ते एक बोटभर इकडं की तिकडं झालं नाही.

पुढच्या वर्षी मी गेले, जड शिफ्टर लावून. काही मोडलं नाही, काही सुटलं नाही. नववी आले. तू माझे पाय चोळत म्हणालीस, नववी आलीस, पण कुठं खट् वाजलं सुद्धा नाही. मला राग आला होता, आणि खरं तर हसूही. तुझ्या बाजूनं एवढं बोलते, की ती शर्यत माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून तू कधी वापरली नाहीस. तुझे पाय आणि माझे पाय वेगळे, एवढं म्हणून तू विषय सोडायचीस. माझ्या हातात असा पुरावा असता तर मी तो रोज वापरला असता.

मग मी शिक्षिका झाले, लग्न केलं, हिंगोलीतच राहिले. तुझंही लग्न झालं. दोन वर्षांनी तू पुसेगावला परत आलीस. का आलीस विचारल्यावर लोकांना सांगायचीस, तिकडं सायकल चालवू देत नाहीत. लोकांना वाटायचं काहीतरी लपवतेय. मला माहीत होतं की तेच कारण होतं. मारुतीनं तुला एक शब्द बोलून दाखवला नाही, हे त्याचं मोठेपण. तू निम्मा दिवस त्याच्यासोबत मेंढरं बघायचीस आणि निम्मा दिवस गावातल्या पोरींना. सात पोरी जमवल्यास. त्यांच्या शाळेच्या सायकलींचे मडगार्ड, स्टँड, कॅरिअर, चेनकव्हर सगळं काढून टाकलंस. त्यांच्या बापांनी तक्रार केली तेव्हा ते सगळं एका पोत्यात भरून त्यांच्या दारात नेऊन ठेवलंस. म्हणालीस, हे तुमच्याकडं ठेवा, पोरी माझ्याकडं राहू द्या. त्यातल्या दोघी विभागापर्यंत गेल्या. सायकलीला मडगार्ड नाही म्हणून चिखलानं भरलेल्या पाठीनं गेल्या, आणि आल्याही तशाच.

नांदेडच्या दवाखान्यात तू दीड महिना होतीस. एका दुपारी मारुती औषधं आणायला गेला होता. तू भिंतीला टेकून बसली होतीस, मोसंबीची फोड हातात. आणि मी ती वायसरची गोष्ट सांगितली. सगळी. माझा हिशेब सुद्धा. मला वाटलं होतं तू हसशील, म्हणशील जाऊ दे शोभे, किती जुनं. मी तशी तयारी करूनच आले होते. रडायचीही तयारी होती.

तू फोड ताटलीत ठेवलीस आणि भिंतीकडं तोंड केलंस. त्या दिवशी बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशीही नाही. मारुती मला बाहेर विचारत होता, ताई, काय झालं, दवाई लागू पडून नाही राहिली का.

तिसऱ्या दिवशी तू विचारलंस, "आताच काहून सांगितलं?"

मी म्हणाले, मनावर ओझं होतं.

"न्हाई. म्या मरून राहिले म्हणून सांगितलं. बरी असते, तर सांगितलं असतं का?"

तू थांबलीस. उत्तर येणार नाही याची खात्री झाल्यावर म्हणालीस, "मंग माफी मागू नको. म्या देणार बी न्हाई." आणि थोड्या वेळानं पाणी मागितलंस. मी दिलं, तू प्यालीस. त्यानंतर आपण रोजच्यासारख्या बोलू लागलो. शिफ्टरवरूनही परत भांडलो. पण त्या गोष्टीवर तू पुन्हा कधी आली नाहीस, आणि मीही नाही.

लोकांना वाटतं की जाणाऱ्यानं माफ करून जावं. तू नाही केलंस. गेले पंधरा दिवस मी यावर विचार करतेय, आणि गोदा, मला त्याचा राग नाही. आजारी पडलीस म्हणून तू मवाळ झाली नाहीस याचा मला अभिमानच वाटतो. जी चूक माझी होती ती तू माझ्याकडंच ठेवलीस. कुणाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणं तुला जमलं नसतं. मला जमतं. तोच तर आपल्यातला खरा फरक होता, पावशेराचा नव्हे.

पण तू काय करून ठेवलंस ते मला आज कळलं.

आज सकाळी मी पुसेगावला गेले. तेरवी झाल्यावर गावात ठरलं होतं म्हणे, की पोरींचं सायकलीचं आता बंद. सातातल्या चौघी फाट्यावर आल्या होत्या. मारुतीनं तुझ्याकडं राहिलेली, हलके शिफ्टर परत लावलेली आपली जुनी गियरची सायकल आणून ठेवली होती. पोरी रडवेल्या होत्या, माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मला वाटलं तुझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलावेत आणि सरावाला लावावं. पण ते शब्द तोंडातून येईनात. मी तिथंच रस्त्याच्या कडेला बसले, पाना घेतला आणि शिफ्टर खोलला. आतला वायसर दाखवला. तू तो नंतर कधीतरी बदलला होतास, पितळी घातला होतास. मी त्यांना सांगितलं की पूर्वी इथं प्लास्टिकचा होता, तो चिरला होता, तो मी पाहिला होता आणि तुमच्या गोदाताईला मी सांगितलं नाही. सहा किलोमीटर तिनं हे हातानं धरून ठेवलं ते त्यामुळं.

सगळ्यात मोठी सविता. तिनं विचारलं, "बाई, तुमी काहून सांगितलं न्हाई?"

मी म्हणाले, मला दोष नको होता म्हणून.

त्या चौघी एकमेकींकडं बघायला लागल्या. मला वाटलं आता या सायकली फिरवून घरी जातील, आणि गेल्या तर मी अडवणार नव्हते. मग सविता म्हणाली, तू नांदेडहून घरी आल्यावर त्यांना बोलावलं होतंस. खाटेजवळ बसवून सांगितलं होतंस, "शोभाबाई येतील. त्या एक गोष्ट सांगतील. सांगितली तर त्यायच्याकडं शिका. न्हाई सांगितली तर शिकू नका."

मी पाना खाली ठेवला.

म्हणजे त्याच आठवड्यात, ज्यात तू मला सेनगावचा रस्ता की हिंगोलीचा असं विचारत होतीस, तू माझी परीक्षा लावून ठेवली होतीस. तिथं मी चुकले असते तर तुझ्या पोरी मला सोडून गेल्या असत्या, आणि तुला ते चाललं असतं. मला इतका राग आला की रस्त्यावर तू असतीस तर मी तुझ्या पाठीत धपाटा घातला असता. आणि मग मला रडू आलं, जे तुझ्या दहाव्याला आलं नव्हतं. पोरी बघत होत्या. मी त्यांना बघू दिलं.

डोळे पुसून मी शिफ्टर परत बसवला. उरलेल्या तिघींची घरं कुठं आहेत ते सविताला विचारलं. त्यांच्या बापांशी मी उद्या भांडणार आहे. गावात काय ठरलंय ते मी विचारायला जाणार नाही, मी काय ठरवलंय ते सांगायला जाणार आहे. मग चौघींना सेनगावच्या रस्त्याला घातलं, कारण तिकडं चढ जास्त आहे, आणि मारुतीच्या सायकलवर मी त्यांच्या मागं निघाले.